कुसुमच्या सुईवरून पडलेलं कार्ड

भूत, अंगात येणं, संकेत मिळणं... यातलं मी काहीच मानत नाही. चळवळीची पत्रकं वाचत आणि चौकात वाटत मोठा झालो. धम्मदीक्षेनंतर आमच्या आईनं घरातले देव स्वतःच्या हातानं बाहेर काढले. अशा घरातला मुलगा मी, तरी हे लिहितो आहे. कारण घडलं ते घडलं.

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार. अकोल्याच्या एका दवाखान्यात मी आणि कुसुम, दोघं नवे डॉक्टर. आतड्याच्या जुन्या रोग्यांची नोंद ठेवायला मोठ्या डॉक्टरांनी मुंबईहून नव्या तऱ्हेची कार्डं आणली होती. कडेनं भोकं, प्रत्येक भोक एका लक्षणाचं. लक्षण असेल तर त्या भोकाची कड कात्रीनं उघडायची. मग गठ्ठ्याच्या त्याच भोकात विणायची सुई घालून उचललं, की कड उघडलेली तेवढीच कार्डं खाली पडतात. केवढं बुद्धीचं काम! विज्ञानावर भाषणं मी ठोकायची आणि सुई मात्र कुसुमच्या हाती... जळत होतो मी, सरळ सांगतो.

एका दुपारी तिनं 'शौचातून रक्त' या भोकात सुई घातली. काही कार्डं पडली. त्यात एक माझ्या आईचं!

आईची संग्रहणी, म्हणजे जुलाबांचं दुखणं, जुनी, पण रक्त कधीच नव्हतं. तिला विचारून कार्ड मीच भरलं होतं. कुसुमनं तिला पाहिलंही नव्हतं.

"माह्या मायच्या कार्डाले कात्री लावली तुमी?"

"मी काहून लावू? चष्मा पुसा अन् पाहा, पुढारी."

पाहिलं. भोक शाबूत, कड अखंड. मी गठ्ठा हिसकावला, कार्ड आत सारलं, सुई घालून उचललं. आईचं कार्ड सुईलाच लटकलेलं.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"आना इकडे."

तिनं उचललं — आणि ते पडलं. भोक तसंच शाबूत. कुसुमचा चेहरा उतरला. "भांडू नंतर," ती म्हणाली, "आधी मायले विचारा."

आई अंगणात तूर पाखडत होती.

"माय, रक्त जाते का?"

सूप थांबलं. "कोनं सांगतलं तुले?"

"जाते का?"

"हुरड्याच्या दिवसांपासून."

"मंग बोलली काहून नाही? मी डॉक्टर हावो!"

"डॉक्टर हायेस, पन लेक हायेस ना बाप्पा. लेकापाशी का असं बोलते कोनी?"

आतड्यात गाठ निघाली. वेळेवर काढली म्हणून आई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं कुसुमलाच बोलावून घेतलं, आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

सुईचा वाक, कार्डाची जाडी, हवेतली ओल — मी सगळं तपासलं. कारण सापडलं नाही. भूत मी आजही मानत नाही. पण आई माझी, कार्डावरचं अक्षर माझं... मग ते माझ्या हातून का पडलं नाही?