गोठलेला आकडा

"मग हे काय आहे माझ्या हातात? उंदराचं शेपूट?"

"वायर आहे."

"कुठली?"

"पेटीतून पडद्याला जाणारी. आणि ओरडू नकोस."

"आता पडद्यावर काय दिसतंय ते वाच, दादा. मोठ्यानं वाच!"

वाचायची गरजच नव्हती. पडद्यावर चाचणीचा ठसठशीत आकडा झळकत होता: चार मीटर. पेटीची वायर बहिणीच्या हातात लोंबकळत होती, आणि पडदा मात्र आपला काही संबंधच नाही अशा थाटात पाण्याची खोली सांगत होता.

या बहिणीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. शाळेत बाई तिला सारखं खडू आणायला पिटाळत. तेवढाच वर्गाला आराम. मोठी झाल्यावर ती भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरली. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. तिथंही तिचं स्टूल स्क्रूंचे डबे ठेवायच्या कामी आलं. ती उभ्यानंच वायरींना डाग द्यायची, एक पाय हलवत, राळेच्या धुरात नाक खुपसून. "तुझ्या पायाला तारा जोडल्या तर गल्लीला वीज पुरेल," दादा म्हणायचा.

वीज पुरण्याचीच तर अडचण होती. मामांची नदीवर इंजिनाची होडी होती, माणसं नि पोती या काठावरून त्या काठावर नेणारी. गाळाचे उंचवटे चुकवायला मामांनी खोली मोजणारी नवी पेटी घेतली. पेटी बोलायची एका तऱ्हेच्या सिग्नलमध्ये, आणि उन्हातही स्पष्ट दिसणारा त्यांचा जुना पडदा समजायचा दुसऱ्याच तऱ्हेचा. मध्ये या दोघा भावंडांनी एक कार्ड बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं दुभाष्या. पण दुभाष्या भारी बडबड्या निघाला. चित्र तेच असलं तरी पेटीनं ते पुन्हा पुन्हा पाठवायचं आणि यानं पुन्हा पुन्हा सांगायचं. दुपारीच बॅटरी मान टाकायची.

तोड काढली भिंगरीनंच. दुभाष्याला थोडी आठवण द्यायची. आकडा बदलला तरच पेटीनं तोंड उघडायचं. नाहीतर तिनं झोपावं आणि दुभाष्यानं आठवणीतलं चित्र दाखवत राहावं. बॅटरी दिवसभर पुरली. दादानं त्या आनंदात सगळ्या होडीवाल्यांना दिवसभर चालणाऱ्या पडद्याचा शब्द देऊन टाकला.

आणि आज टेबल पुसताना वायर तिच्या हातात आली. कधी सुटली होती कोण जाणे. चहाच्या वेळी तिनं स्वतःच कौतुकानं म्हटलं होतं, "बघ दादा, कसा शहाण्यासारखा चाललाय!" तेव्हाही तो आकडा शिळाच असला तर?

"वायर निघाली की पडदा काळा होईल असं करतो," दादा म्हणाला. "झालं समाधान?"

"आणि वायर जागेवर, पण पेटीच गचकली तर? गप्प पेटी आणि मेलेली पेटी दुभाष्याला सारखीच."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"कोपऱ्यात एक ठिपका. पेटीनं स्वतः पाठवलेला. सारखा लुकलुकला पाहिजे. थांबला की समजायचं, आकडा शिळा."

"म्हणजे पेटीला क्षणाक्षणाला उठवायचं! मग कसली बचत? पुन्हा दुपारीच बॅटरी आडवी. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"तोंड दाखवायला लोक काठावर परत यायला हवेत ना!"

"झाला का रे माझा पडदा?"

दारात मामा उभे होते. जन्म इंजिनाशेजारी गेल्यामुळे ते घरातही नदीवरच्यासारखंच ओरडून बोलत. पडदा बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा! चार मीटर! काय लख्ख दिसतंय!"

भिंगरीनं वायर त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. मामांनी वायरीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत वायरीकडे बघितलं. खुललेला चेहरा हळूहळू मिटत गेला.

"म्हणजे हे चार मीटर कुठले?"

"मघाचे," ती म्हणाली. तिचा पाय थडथड हलत होता. "ठिपका घातला तर खरं-खोटं कळेल, मामा. पण बॅटरी दुपारपर्यंतच."

"मामा, ही उगाच घाबरवते," दादा घाईघाईनं म्हणाला. "पेटी नवीकोरी आहे. कशाला बंद पडतेय? दिवसभर चालेल, माझा शब्द आहे."

मामा कान खाजवत उभे राहिले. मग, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात म्हणाले, "उद्या पहिल्या फेरीला येतोस माझ्याबरोबर? खोली बघायचा बांबू घरीच ठेवतो. तू पुढं बस आणि नुसता पडदा बघून सांग, होडी कुठून काढू."

दादानं पडद्याकडे बघितलं. चार मीटर. भिंगरीचा पाय थांबला.

दादानं फडक्याला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले, फडकं टेबलावर टाकलं, पायांत चपला सरकवल्या आणि "ठिपका घाल. होडीवाल्यांना सांगून येतो, बॅटरी दुपारपर्यंतच," म्हणत मामांच्या बाजूनं अंग चोरून तो बाहेर पडला.