सत्यशीलाबाईंचं सोमवारचं जेवण

कॅम्प-१ या वस्तीतल्या सत्यशीलाबाई सोमवारी चार वाजेपर्यंत जेवायच्या नाहीत. उपासतापास त्यांना मुळीच मान्य नव्हते. बुद्धविहारात पुढच्या रांगेत बसणारी बाई ती. भानगड पोटच्या पोराची होती. सुगत इटलीत, व्हेरोनाच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. सोमवारी त्याला सुट्टी, आणि त्याची जेवायची वेळ आपल्याकडची चारची. मग तांब्याला फोन टेकवून मायलेक समोरासमोर जेवत. तिच्या ताटात भात नि जवसाची चटणी, त्याच्या ताटात लिंबू पिळलेली फिकी मासोळी, नाहीतर चीज घालून शिजवलेला गिच्च भात.

“हे तं बिमाराचं जेवण होय रे,” बाई हसायच्या. पण त्याने घास घेतला की इथे यांचं पोट भरायचं.

एका सोमवारी त्याच्या ताटाशेजारी ग्लास दिसला. आत फिकट पिवळं काहीतरी.

“काय पिऊन राहिला?”

“पांढरी वाइन होय, आई. सोआवे म्हणतेत. इथलीच, बाजूच्या गावची. मासोळीसंगं एक ग्लास घेतेत. मसाला नाही राहत न, तं हिची आंबटसर चव जमते. आपल्या झणझणीत रश्श्यासंगं नाही चालणार.”

पोरगं बिचारं कौतुकाने सांगत होतं. बाईंच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. नवरा प्रेमानंद दारूपायीच गेला होता. विहारात पंचशील म्हणताना दारू-नशेपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला बाईंचा आवाज चढायचा, तो उगाच नाही.

“तुह्या बापानंही जेवणासंगं थोडीशीच सुरू केली होती. तो ग्लास पाहिजे असंन, तं मले तोंड दाखवू नको.”

आणि फोन बंद केला.

सुगतने वाद घातला नाही. फोन येत राहिला, पण जेवण आटोपल्यावर. तब्येत, गोळ्या, ऊन, मग “ठेवतो, आई.” बाई जिंकल्या होत्या. जिंकून काय मिळवलं, ते चार वाजता एकटीने ताटावर बसलं की कळायचं. शेजारची आम्रपाली म्हणायची, “मावशी, तुम्हीच बोला न.” “मी कावून बोलू?” म्हणत बाई पदर खोचायच्या. असं दोन वर्षं चाललं.

शेवटी हट्टच थकला. बाईंनी बाजारातून रोहू आणला. जन्मात पहिल्यांदा मिरचीला हात न लावता, हळद-मीठ चोळून तेलावर परतला, वर लिंबू पिळलं. सोमवारी चारला फोन त्यांनीच लावला.

“पाह्य, तुह्यासारखीच केली मासोळी. तू बी ताट घे. ग्लासही असू दे बाजूले, मी काही नाही म्हणत. फक्त माह्यासमोर जेव, बाबू.”



“ते तं मी तवाच सोडलं, आई. त्याच आठवड्यात.”

“मंग माह्यासमोर जेवत कावून नव्हता रे?”

“तू बाबाले पाहायची, तसं मले पाहून राहिली होती. तसं पाहणाऱ्यासमोर घास नाही उतरत.”

“आता जेवशीन?”

“जेवलो. हॉटेलातच, उभ्याउभ्यानं. आता सोमवारीही कामावरच असतो. तू जेव, मी पाहतो.”

बाईंनी ताट पुढे ओढलं. पोरगं पाहत होतं म्हणून जेवल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

“कशी झाली?” त्याने विचारलं.

“तुले आवडली असती,” बाई म्हणाल्या.