हबीबाभाभीचं रक्त

हबीबाभाभी आमच्या कामतघरच्या चाळीतली, भिंतीला भिंत लागून. लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि मशीनपेक्षा तिच्या तोंडाची टकळी जास्त चालायची. तीन बाळं पोटातच गेली, तरी बडबड थांबली नाही. एक्क्याण्णव साली, तिशीच्या आतच, तिचा उजवा हात एकाएकी लुळा पडला आणि जीभ जड झाली.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिचं शरीर हिच्याच रक्तावर उठलंय; म्हणून गुठळ्या होतात, बाळंही त्यानंच गेली. रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची. "गोळी चुकली तर पुढची गुठळी वाचा नेईल, नाहीतर जीव. आणि गोळी चालू असताना अंगाला कुठं कापू देऊ नका." मी सोबत होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

दोन महिन्यांत जीभ सुटली, हात मात्र हलेना. तिची सासू जुबैदाचाची सुनेला लेकीसारखी जपायची, पण भ्यालेल्या माणसाला काहीही सुचतं. चांदाची सतरा तारीख बघून तिनं तुंबड्या लावणाऱ्याला बोलावलं. "डॉक्टरीण बोलली ना, रक्तातच खराबी हाय? मग खराब रक्त काढूनच टाकू. आमच्यात सतराव्याला काढतात."

"चंद्रा, तू बोल ना कायतरी," भाभी मला म्हणाली.

मी गप्प बसले. दुसऱ्यांच्या धर्माच्या गोष्टीत कशाला तोंड घालायचं! जळो तो शहाणपणा.

पाठीवर पाच बारीक चिरे दिले. एरवी घटकाभरात थांबणारं रक्त थांबेचना. दुपट्टा भिजला, चादर भिजली, माझे हात कोपरापर्यंत लाल झाले. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. रिक्षानं दवाखाना गाठला. तिथं गोळी बंद केली, तिच्यावर उतारा म्हणून इंजेक्शन दिलं, बाटल्या चढवल्या, तेव्हा कुठं रक्त थांबलं.

चाचीनं दुवा मागितली. डॉक्टर मात्र म्हणाले, "आता उलट गोठायची भीती आहे." दोन दिवस आम्ही दोघी भाभीच्या तोंडाकडे बघत बसलो. ती बोलली की जीवात जीव यायचा, झोपली की धडकी भरायची.

तिसऱ्या सकाळी चाचीनं विचारलं, "चाय पितेस, बेटी?" भाभीनं तोंड उघडलं. नुसता घशातला आवाज आला.

पुढं ती आठ वर्षं जगली. रोज गोळी देताना चाची म्हणायची, "माफ केलंस ना मला? एकदा तोंडानं बोल." भाभी मान हलवायची, चाचीचे डोळे पुसायची. पण चाचीला शब्द हवा होता.

मला तर विचारायचंही धाडस झालं नाही.