गाद्यांच्या कपाटातलं कासव

मंगळवारी सकाळी नवा सदरा चौथ्यांदा खळबळून काढला. एक बाही पिळून दुसरीला हात घातला, तेवढ्यात गाद्यांच्या कपाटातून हाक आली.

"अगं तोमिए, ते मशीन बंद कर! इथपर्यंत घरघर येतेय."

"मशीन बंदच आहे. मी हाताने धुतेय."

"मग हळू धू."

हळू धू! कपाटात बसलेल्या माणसाने बाहेरच्या माणसाला कपडे कसे धुवावेत ते शिकवायचं, हे आमच्याकडे सेहेचाळीस वर्षं चाललंय.

आमचे हे, निशिगाकी तेइजी, आवाजाचे नट आहेत. परदेशी सिनेमांतल्या माणसांना जपानी बोलायला लावायचं, कार्टूनमधल्या जनावरांना वाचा द्यायची, हा धंदा. वय शहात्तर. सरावाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात मांडी घालून बसतात आणि दार ओढून घेतात. रजया आवाज पितात म्हणे. पितात खऱ्या, पण त्यांना ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा वास लागतो तो लागतोच. कोणी राहायला यायचं असलं की आदल्या दिवशी मला सगळ्या रजया उन्हात टाकाव्या लागतात.

सदऱ्याचं कारणही हा धंदाच. नवं कापड माइकसमोर करकरतं. म्हणून खळ न घालता चार वेळा धुवायचं, आणि मगच हे अंगात घालणार. माझ्या बहिणीचा नवरा बँकेत होता. त्याचा सदरा एकदा इस्त्री केला की झालं. ती मला म्हणते, "ताई, तुझं नशीब, घरात नट आहे!" नशीबच.

बरं, धंद्यातली सवय धंद्यात ठेवावी, तर तेही नाही. तिथे कागद उलटताना सळसळ चालत नाही, म्हणून हे घरीसुद्धा वर्तमानपत्र असं उलटतात की खोलीत माणूस आहे की नाही कळू नये. कप ठेवतात तो आवाज न करता. पायही न वाजवता येतात. पाठमोरी भाजी चिरत असले आणि एकदम कानाशी "मीठ कमी घाल" आलं, की सुरी हातातून पडते. सकाळी देव्हाऱ्यात भात ठेवून अमिदा बुद्धाचं नाव घेते, तेव्हा रोज एकच मागणं असतं, की आज मला राग येऊ नये. राग हे विष आहे असं आमचे मठातले गुरुजी सांगतात. त्यांना नवरा नाही.

हे मूळचे उत्तरेकडच्या अकिताचे. तिकडची माणसं थंडीने तोंड उघडत नाहीत अशी थट्टा सगळे करतात, ती यांच्या बाबतीत खरी होती. एकोणिसाव्या वर्षी नट व्हायला तोक्योत आले तेव्हा यांचं बोलणं नाटकमंडळीतल्या कोणाला कळेना. दोन वर्षं रोज सकाळी दूध टाकता टाकता मोठ्याने हवामानाच्या बातम्या म्हणून जीभ वळवून घेतली. स्टेजवर काही जमलं नाही. उंची कमी, कान मोठे. पण आवाज कोणाला दिसत नाही, म्हणून रेकॉर्डिंगला पाठवायला लागले. तिथे दहा वर्षं यांनी नुसतं मरायचं काम केलं. तिसरा शिपाई, चौथा दरोडेखोर, विषारी बाण लागलेला नावाडी. "मी त्रेसष्ट प्रकारांनी मरू शकतो," असं लग्नाआधी मला सांगितलं होतं, अगदी अभिमानाने.

स्टुडिओसमोरच्या दुकानात मी भाताचे मुटके विकायची. त्या काळी एकाचं चुकलं की सगळ्यांना रिळाच्या सुरुवातीपासून बोलावं लागे, आणि पोटात कावळे ओरडले तरी ती चूकच धरत. म्हणून हे आत जायच्या आधी धावत येऊन एक मुटका घेत. "त्यावरचं समुद्री शेवाळाचं पान काढ, घशाला चिकटतं." रोज पान मी काढायचं आणि मीच खायचं. अशी ओळख वाढली.

पस्तिसाव्या वर्षी यांना कार्टूनमधला मोकुबेए मिळाला. नदीकाठच्या एका लहानशा स्टेशनचा मास्तर, जातीने कासव, वय सत्तर. दर रविवारी सकाळी लहान मुलं बघतात. गाडी चुकलेला ससा रडत येतो, बदक भांडत येतं, आणि मोकुबेए म्हणतो, "हंऽऽ... घाई कशाला? नदी आहे तिथेच आहे." एक्केचाळीस वर्षं झाली. ज्या मुलांनी ते ऐकलं ती आता आपल्या मुलांना ऐकवतात.

पस्तिशीच्या माणसाने सत्तरीचा आवाज आणला कुठून, हे यांनी वर्तमानपत्रवाल्यांना कधी सांगितलं नाही. मी सांगते. माझ्या वडिलांचा चोरला. बाबा चिचिबुला लाकडी खडावा करायचे. बोलायच्या आधी चहाचा घोट, मग लांब हुंकार, मग वाक्य. हे सासुरवाडीला चार दिवस राहिले आणि येताना तो हुंकार घेऊन आले. बाबांनी पुढे टीव्हीवर ऐकलं तेव्हा म्हणाले, "हंऽऽ... हे कासव शहाणं दिसतंय. कुठलं?" मी तोंडाला एप्रन लावून आत पळाले. बाबा गेले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पण रविवारी साडेआठला मी देव्हाऱ्यापुढे बसत नाही, टीव्हीपुढे बसते. अमिदा समजून घेतो.

आता सगळा घोळ दातांनी केला. गेल्या वर्षी खालचे पुढचे चार दात पडले. कवळी केली, तर ती माइकसमोर टकटक वाजते म्हणून हे घालत नाहीत. रोज मऊ भाताची पेज, उकडलेला टोफू. मुळ्याचं लोणचं मी एकटीच खाते आणि तेही हळू चावायचं, कारण कपाटात सराव चाललेला असतो. दात नाहीत म्हणून बोलताना शिट्टी येते. गेल्या महिन्यात एकच वाक्य सात वेळा घ्यावं लागलं. रेकॉर्डिंगचे दिग्दर्शक हामुरासान काचेपलीकडून म्हणाले, "निशिगाकीसान, जरा तरुण म्हातारा करता येईल का?" घरी येऊन हे तीन दिवस तेच बडबडत होते. तरुण म्हातारा!

मग गेल्या शनिवारी हामुरासान घरी आले. हातात लाल चवळीच्या गोड वड्यांचा डबा. डबा मी दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्या मनगटाला सगळं कळलं. आभार मानायला येणारा माणूस हलकी बिस्किटं आणतो. एवढी विटेसारखी जड मिठाई माफी मागायलाच आणतात.

हामुरासान दीड तास गुडघ्यांवर बसले. "आपण इतकी वर्षं कष्ट घेतलेत, आपल्याला आणखी त्रास देताना आमचं मन..."

"त्रास कसला? मला मजा वाटते," हे म्हणाले.

"मिनेगिशी आपला शिष्यच आहे. गुरुवारच्या रेकॉर्डिंगला तो आपल्या शेजारी उभा राहिला तर..."

"राहू दे की! शिकेल."

"म्हणजे, प्रसंगी आपल्याला विश्रांती हवी वाटली तर..."

"मला बसल्या बसल्या कंटाळा येतो बुवा. घ्या, वडी घ्या."

हामुरासानना दरदरून घाम फुटला होता. मी फाटकापर्यंत सोडायला गेले तर कमरेत वाकून म्हणाले, "वहिनी, काम मिनेगिशीला द्यायचं वर ठरलंय. मला बोलताच आलं नाही. तुम्ही जरा..."

मी जरा! दीड तास बसून तुम्हाला जमलं नाही, ते मी भांडी घासता घासता सांगायचं! रविवार गेला, सोमवार गेला. हे रोज एक वडी जिभेने विरघळवून खात होते आणि म्हणत होते, "हामुरा चांगला माणूस हो."

तर मंगळवारी तो "हळू धू" ऐकल्यावर माझा संयम संपला. ओल्या हातांनी जाऊन कपाटाचं दार सरकवलं.

"अहो, ऐका. तो वड्यांचा डबा माफीचा होता. मोकुबेए तुमच्याकडून काढून घेतलाय. गुरुवारी मिनेगिशी बोलणार."

हे कंदिलाएवढ्या दिव्याखाली संहिता धरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"अकिताचा आहे मी, चंद्रावरचा नाही. एवढी जड मिठाई म्हणजे काय ते मला कळत नाही?"

"मग त्या बिचाऱ्याला दीड तास का छळलंत?"

"त्याला तोंडावर 'जा' म्हणवत नाही. आणि मला कळलंच नाही, तर तो काढणार कसं? गुरुवारी जाऊन माइकसमोर उभा राहतो. हात धरून बाहेर काढायची छाती कोणाची आहे?"

मला इतका संताप आला की काय सांगू. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि हा माणूस डाव खेळत होता!

"छाती नसेलच कोणाची," मी म्हटलं. "आणि लाजेने सगळे माना खाली घालून उभे राहतील, ते चालेल तुम्हाला? त्या मिनेगिशीला काही शिकवलंय का? जुनी रेकॉर्डिंगं ऐकून तो काय घेणार? बाबांचा हुंकार त्याला कोण सांगणार, मी?"

यांनी दार ओढून घेतलं. दुपारी पेज कपाटापाशी ठेवली ती तशीच राहिली. संध्याकाळी आतून आवाज आला, "त्याला उद्या बोलाव." फोनसुद्धा मीच करायचा!

मिनेगिशी सोसुके बुधवारी दोनला आला. चव्वेचाळीसचा, दोन मुलींचा बाप, अंगाने दांडगा. यांनी त्याला सरळ कपाटात घेतलं. दोन बाप्ये, एक कप्पा. दार लागेना म्हणून अर्धं उघडंच.

"बोल," हे म्हणाले.

मिनेगिशीने डोळे मिटले आणि मोकुबेएचं वाक्य म्हटलं. मी चहा घेऊन येत होते ती जागीच थांबले. हुबेहूब यांचा आवाज. धाप तीच, घसा तसाच खरवडलेला, आणि मध्ये शिट्टी.

"शिट्टी का मारलीस?" यांनी विचारलं.

"सेन्सेई, ती तर मोकुबेएची खूण आहे! महिनाभर तीच घोटतोय मी. सगळ्यात अवघड तीच होती. माझी धाकटी तर शाळेत तसंच बोलते."

यांनी खालच्या हिरडीवरून जीभ फिरवली. मग हे म्हणाले, "अरे गाढवा, ते कासव नव्हे. ते माझे दात."

"पण सेन्सेई..."

"कासव सत्तरीचं आहे. एक्केचाळीस वर्षं सत्तरीचंच आहे. त्याला ना धाप, ना कफ. म्हातारा मी झालोय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तोमिए, मी खरंच असा बोलतो?"

इतर वेळी मी टोमणा मारायची संधी सोडली नसती. "हो," एवढंच म्हटलं.

यांनी चहाचा कप मिनेगिशीच्या हातात दिला. "घोट घे. आता पोटातून हुंकार. हा माझा नाही बरं, हिच्या वडिलांचा आहे."

मिनेगिशी मला नमस्कार करायला कपाटातच उठला आणि वरच्या फळीवर त्याचं डोकं आदळलं. मग त्याने घोट घेतला.

"हंऽऽ..."

"असं नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "बाबा घोट गिळायचे, कप खाली ठेवायचे, आणि मग. तुम्ही कप हातात धरून करताय."

"कप हातातच असायचा," हे म्हणाले.

"माझे वडील की तुमचे?"

मिनेगिशीने कप खाली ठेवला. टकदिशी वाजला. "हंऽऽ... घाई कशाला?" पहिले चार पाच वेळा नुसती नक्कल. सहाव्यांदा माझ्या अंगावर काटा आला. हे मांडीवर थाप मारून म्हणाले, "हां! इथे श्वास घे. इथे नाही, इथे." मग वरच्या फळीवरचे संहितांचे खोके खाली आले. एक्केचाळीस वर्षांचे! जुन्या पानांवरच्या श्वासाच्या खुणा पुसट झाल्यात, त्या सगळ्या यांना पुन्हा ठळक करायच्या आहेत. आणि खोक्यांतून निघालेले मेलेले पतंग कोणी झाडायचे? मी.

सहा वाजता यांनी स्वतः हामुरासानना फोन केला. "उद्या माइकसमोर मिनेगिशी. मी मागे खुर्चीवर बसेन. नाही, रडू नका. वड्या छान होत्या." फोन ठेवला आणि तसाच आवाज न करता माझ्या मागे येऊन उभा राहिला हा माणूस. मी दचकले, पेज उतू गेली, शेगडी खराब झाली. कवळीचं नाव अजून काढत नाहीत. काढलं की देव्हाऱ्यात गोड भात ठेवेन.

खुणा ठळक करताना एका लाल पेन्सिलीत दोन खोक्यांचंच काम झालं. दुकान सातला बंद होतं. तेव्हा आता जोडे घालून यांना स्टेशनपलीकडच्या कागदवाल्याकडे लाल पेन्सिली आणायला जायचंय, मऊ शिशाच्या, एक डझन.