तिनं पुढचं वाक्य वाचलं

बहिणीला वाचायला मी शिकवलं, असं मी अजूनही पाहुण्यांत ऐटीत सांगतो. खरं म्हणजे मुखेडला किराण्याच्या पुड्यांचे कागद आम्ही दोघं मिळून वाचायचो. अवघड शब्द आला की ती विचारायची आणि बहुतेकदा तो मलाही माहीत नसायचा. पण थोरल्या भावाच्या अब्रूचा प्रश्न होता. मी म्हणायचो, थांबू नको, पुढचं वाक्य वाच, अर्थ आपोआप कळतो. तिला तो खरंच कळायचा. मग तिच्याकडून ऐकून मीच चार लोकांत मिरवायचो.

वडील गेल्यावर जमिनीला माझं एकट्याचं नाव लावायचं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं. आमच्याकडं बहिणी हक्क सोडतातच, त्यात विचारायचं काय? तिला औशाहून बोलावताना फोनवर एवढंच म्हणालो, की एक सही पाहिजे, लगेच मोकळी होशील.

तहसीलसमोर कागद लिहिणाऱ्याच्या बाकड्यावर बसून तिनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. हे काही माझ्या हिशोबात नव्हतं. मधेच तिचं बोट थांबलं.

"दादा, वालीवारस मंजे?"

या वेळी मला अर्थ चांगला माहीत होता. तरी म्हणालो, "पुढं वाच, कळतंय."

तिनं वाचलं. सदर मिळकतीवर माझा अथवा माझ्या वालीवारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही. पुन्हा एकदा वाचलं.

"मंजे माझी लेक," ती म्हणाली.

मी चहा सांगायला उठलो. चहा समोरच होता.

भांडली नाही. चष्मा पुसत म्हणाली, "माझं मी सोडते, दादा. तिचं काय ते तू तिला सांग. तुझ्या तोंडानं. मग करते सही." आणि कागद पिशवीत घालून गेली.

त्यानंतर मी दोनदा औशाला जाऊन आलो. भाची मामा मामा करत गरम भाकरी वाढते, मी पोटभर जेवतो आणि एसटीत बसतो. परवा तिनंच विचारलं, "मामा, तुम्ही मला काहीतरी सांगणार होतात म्हणे?"

बहीण चुलीपाशी पाठमोरी होती. तिचे हात थांबले.

"हाव," मी म्हणालो, "बारावी हाय, अभ्यास नीट कर."