बियांतून आलेली जास्वंद

साजिदचा फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेतून घरी आले होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवला. मागं डायलिसिसच्या मशीनचा आवाज येत होता... कुणा दुसऱ्याच पेशंटचं मशीन. त्याची अम्मी, म्हणजे रेहाना आपा, आणि मी अंबाजोगाईच्या एकाच शाळेत शिकवत होतो. त्या जीवशास्त्र, मी मराठी. आमची घरंही एकाच गल्लीत. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले, तरी सकाळी गच्चीकडं नजर गेली की त्या तिथं वाकलेल्या असतील असंच वाटतं.

त्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे, कापलेले ड्रम आणि त्यांत जास्वंदी. थंडीत सकाळी फुलं उमलली की आपा कापसाच्या बोळ्यानं एका फुलाचे पराग उचलून दुसऱ्या फुलात लावायच्या आणि देठाला पत्र्याची चिठ्ठी बांधायच्या, वर आई-झाडाचं नाव, खाली बाप-झाडाचं. बोंड धरायचं, बहुतेक वेळा गळायचं. टिकलंच तर बी, बीचं रोप आणि रोपाला पहिलं फूल यायला वर्ष-दीड वर्ष. त्यांना हवी होती निव्वळ पिवळी जास्वंद, मधे लाल डोळा नसलेली. मी एकदा म्हटलं, नर्सरीतून कलम का नाही आणत? तर हसल्या. "कलम म्हणजे आईची नक्कल. बी म्हणजे नवीन माणूस. काय घेऊन येईल, सांगता येत न्हाई." एका रोपाला मळकट केशरी फूल आलं, मधे लाल डोळा घेऊन. त्यांनी चिठ्ठ्या बघत बघत माग काढला. "हा आजीचा हाय," त्या म्हणाल्या. "आईत दिसला न्हाई, बापात न्हाई. गुपचूप बसलता."

त्यांच्या थोरल्या भावाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आपा कुणाला न विचारता आपली एक द्यायला निघाल्या. तपासण्यांसाठी मी सोबत होते. सोनोग्राफी लांबत गेली. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "तुमची आई कशानं गेली?" अंगावर सूज येऊन गेली, एवढंच घरात माहीत होतं. आपांच्या किडन्याही भावासारख्याच पाण्याच्या गाठींनी भरलेल्या होत्या. आजार आईकडून आलेला. पुढं प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता निम्मी. आपांनी मान हलवली. वर्गात हेच तर शिकवायच्या त्या. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाल्या, "भाऊजानला आता कुणाची द्यायची, वंदना?" भाऊ त्याच वर्षी गेला.

साजिदचं तेव्हा वडवणीच्या एका मुलीशी ठरलं होतं. आपांनी त्याला तपासणी करून घे म्हणून विनवलं. तो चिडला. मला काही होत नाही, मग कशाला? शेवटी एका रविवारी आपा मला घेऊन एस.टी.नं वडवणीला गेल्या. मुलीच्या वडिलांसमोर सरबताचा ग्लास हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं... आई, भाऊ, स्वतः, आणि साजिदचं माहीत नाही म्हणून. "तुमी सांगितलं, हे उपकारच झाले," वडील म्हणाले. आठवड्याभरात रिश्ता मोडल्याचा निरोप आला.

साजिद पुण्याला निघून गेला. जाताना माझ्या दारात उभा राहिला. "मावशी, तुमी सोबत होत्या. तिला थांबवलं कावून न्हाई?" पुढं ईदेला फोन, तोही दोन वाक्यांचा. एकदा मी आपांना विचारलंच, पस्तावा होतो का? "लई होतो," त्या म्हणाल्या. "पण माझी पोरगी असती तर मला कुणी सांगायला पाहिजे होतं, न्हाई का?" डायलिसिस सुरू झालं, मग हात उचलवेना, तरी कापसाचा बोळा सुटला नाही. झाडांना पाणी मी घालायचे. अगदी शेवटी साजिद पुण्याहून दवाखान्यात येऊन राहिला. शेवटच्या बियांची रोपं त्या गेल्यानंतर फुलली. पिवळी होती. मधे लाल डोळा होताच.

चाळिसावा झाल्यावरही साजिद पुण्याला परत गेला नाही. एका दुपारी मी गेले तर स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. मी न विचारताच बोलला. "सोनोग्राफी केली मावशी. मला काय बी न्हाई. दोन्ही साफ हायेत." मी त्याच्याजवळ बसले. वडवणीच्या त्या मुलीला आता दोन लेकरं आहेत. "तवाच केली असती तर..." तो म्हणाला. "अम्मी मला दोष देऊन गेली न्हाई. पण माझ्यासाठी भीत भीत गेली. मला काय न्हाई, हे तिला सांगायचं राहिलं."

फळीवर एक छोटी स्टीलची वाटी होती. आपांना शेवटी पाणी मोजूनच प्यायची परवानगी होती. दिवसभर त्या त्याच वाटीनं घोट घोट घेत. साजिदनं उठून ती उतरवली, माठातून भरली आणि प्यायला. पुन्हा भरली. दुसऱ्यांदा मात्र त्याला पिववेना. तो ती तशीच भरलेली हातात धरून उभा राहिला.