मी वसईचा किल्ला घेतला तेव्हा

चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. कारण मी माझ्या शहाणपणाची अशी गोष्ट सांगणार आहे की शेवटी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघणार नाही!

तुम्हाला माहीतच आहे, मी विरारला कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि उरलेल्या वेळात लढाया करते. कॉम्प्युटरवर हो, घरातल्या नाही. मूळ गेम परदेशी. पण आपल्याकडच्या हौशी मंडळींनी त्यात मराठे, फिरंगी, आपला वसईचा किल्ला असं सगळं घातलंय. अशा भरीला मॉड म्हणतात. हौसेचं काम, त्यामुळे ते सारखं बंद पडतं. बंद पडलं की लोक आमच्या मराठी ग्रुपवर येतात आणि मी त्यांच्यावर ओरडते. तिथे माझं नाव 'किल्लेदार'. निम्म्या ग्रुपला वाटतं मला मिशा आहेत.

नवरा म्हणतो, "तू मदत करत नाहीस, उलटतपासणी घेतेस."

असेल! पण मला कुणी चुकीचं खेळताना बघवत नाही, त्याला मी काय करू?

तर एक दिवस ग्रुपवर मेसेज आला. "आदरणीय किल्लेदार साहेब, सविनय नमस्कार. माझा डाव उघडत नाही. कृपया मार्ग दाखवावा." मी म्हटलं, स्क्रीनचा फोटो पाठवा. फोटो आला तो मॉनिटरचा, त्यात निम्मा अंगठा. दुसरा मागितला, त्यात पूर्ण अंगठा. तिसऱ्यात मागे खिडकी आणि केळीची बाग. विचारलं, राहता कुठे? म्हणाले, गिरीज. अहो, गिरीज म्हणजे इथलंच, वसईतलं! रविवारी काढली स्कूटर आणि गेले.

दारात सत्तरीचे एक काका. वाडीतून थेट आलेले, हाताला केळीचा चीक.

"कोण पाहिजे, बाय?"

"मी किल्लेदार."

काकांनी माझ्या मागे पाहिलं. साहेब स्कूटर लावत असतील असं त्यांना वाटलं बहुतेक.

घरात एकटेच. भिंतीवर काकूंचा फोटो, हार घातलेला. कॉम्प्युटरवर मात्र धुळीचा कण नाही. बिघाड दोन मिनिटांत सापडला. काकांनी डाव ठेवायचा फोल्डर नवीन केला होता आणि त्याला मराठीत नाव दिलं होतं, 'निनादचे डाव'. आता या मॉडला पडद्यावर मराठी दाखवता येतं, पण फोल्डरच्या नावातलं वाचता येत नाही. मराठ्यांचा मॉड, आणि मराठी नाव चालत नाही! मी नाव इंग्रजी अक्षरांत केलं, डाव उघडला. काकांनी हात जोडले.

"निनाद कोण?"

"मुलगा. कॅनडाला असतो. आम्ही दोघंच खेळतो. तो एक चाल करतो, मग मी एक. रोज एक."

इथे मी उठायला हवं होतं. लिहून ठेवा, इथे!

पण माझी नजर नकाशावर गेली. काका मराठे, निनाद फिरंगी. निनादकडे फक्त वसईचा किल्ला उरलेला. काकांची फौज भोवती बसलेली, तोफा लागलेल्या, बुरुजाखाली सुरुंग तयार. आणि चाल कितवी? चारशे बारावी! चारशे चाली हा माणूस नुसता बसून आहे!

"काका, हे काय? खाडीकडची बाजू उघडी ठेवलीत! तिथून होड्या धान्य घेऊन आत जातायत की!"

"असू दे गं."

"असू दे काय? रसद तोडल्याशिवाय किल्ला पडेल का? आणि सुरुंग कशाला खणलेत, झाडं लावायला?"

काका हसले. "घाई नाही मला. तू बस, मी चहा टाकतो. सुकेळी आहेत, घरच्याच केळ्यांची वाळवलेली, खाऊन जा." आणि आत गेले.

मी बसले. माऊस समोर. नकाशाच्या कोपऱ्यात 'दूताचे निरोप' अशी एक चौकट मध्ये मध्ये येत होती, ती न वाचताच बंद केली. खाडी अडवली. सुरुंग उडवला. बुरुज कोसळला, फौज आत घुसली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा हल्ला, खरं सांगते! मग 'चाल संपवा' दाबलं. दाबलं की डाव आपोआप समोरच्याकडे जातो.

नगारे वाजले. भगवा चढला. स्क्रीनभर अक्षरं आली: वसई फत्ते!

काका ट्रे घेऊन दारात उभे.

"जिंकलात, काका!" मी ओरडले.

"संपला?"

"संपला म्हणजे काय, धुव्वा उडवला!"

"अगं पण… संपला?"

त्यांनी ट्रे खाली ठेवला. चहा बशीत सांडला होता. खुर्चीत बसले आणि मी बंद केलेली ती चौकट त्यांनी उघडली. चालीबरोबर एक ओळ लिहून पाठवता येते, मला माहीत होतं. मी तिथे शत्रूला शिव्या लिहिते. इथे वेगळंच होतं.

'जेवलास?' 'जेवलो. बर्फ पडतोय.' 'आंब्याला मोहोर आला.' 'गुडघा कसा आहे?' 'आहे आपला.' 'आईसारखी डाळ जमली आज.' 'हिंग शेवटी घालत जा.'

चारशे बारा चाली. वर्षाहून जास्त!

"त्याची आई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला," काका स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "मी दारातच बोलून बसलो, आता कशाला आलास म्हणून. त्याचं तिकीट, त्याची सुट्टी, मी काही ऐकलं नाही. तो गेला. मग फोनवर दोघंही गप्प. काय बोलायचं? मग एक दिवस त्यानेच हा खेळ पाठवला. यात निदान चाल तरी करावी लागते."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खाडी त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली होती. पोराच्या किल्ल्यात धान्य जावं म्हणून! आणि तो पोरगाही चारशे चाली बाहेर पडून लढला नव्हता. दोघांनी मिळून ते युद्ध जिवापाड जपलं होतं, आणि मी येऊन जिंकले.

मग मी जंग जंग पछाडलं. आदल्या चालीवर परत जायला बघितलं, गेम म्हणे डाव निकाली निघाला. नवा डाव मांडला, निनादला निमंत्रण पाठवलं. काकांनी निरोपाच्या चौकटीत एका बोटाने लिहिलं, 'परत खेळू या?'

तेवढ्यात जुन्या डावावर त्याची ओळ आली. 'अभिनंदन बाबा. मला वाटलं होतं आपण खेळतोय.'

काकांनी ती दोनदा वाचली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट निघताना सुकेळ्यांची पुडी हातात दिली. बोलले असते तर बरं झालं असतं हो! फोन करा म्हणून मी दारातून पुन्हा पुन्हा सांगितलं. "तो उचलेल का?" एवढंच म्हणाले.

घरी येऊन, निमंत्रण पाठवलं त्याच पत्त्यावर मी निनादला लांबलचक मेल लिहिली. चाल माझी होती, बाबा चहा करत होते, मी मूर्ख आहे, तीनदा मूर्ख लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'बाबांनी तुम्हाला लिहायला लावलं असेल, तर त्यांना सांगा, राग नाही.'

बस्स. नव्या डावाचं निमंत्रण तसंच पडून आहे.

पुढच्या रविवारी काकांचा फोन. "बाय, येतेस का? तुझ्या हाताला गुण आहे. निनादची चाल येत नाहीये, काहीतरी अडकलं असणार."

गेले. सगळं तपासलं. इंटरनेट चालू. मॉड चालू. फोल्डर नीट. कुठे काही अडकलेलं नाही. काका शेजारी खुर्ची ओढून बसलेले.

"सापडलं का गं?"

काय सांगू? म्हटलं, "हो काका, अडकलंय. पण वेळ लागेल."

"लागू दे," ते म्हणाले. "घाई नाही मला."

गेले सहा रविवार मी गिरीजला जाऊन एक ठणठणीत कॉम्प्युटर दुरुस्त करतेय. स्क्रू काढते, पुसते, परत लावते. काका चहा आणतात, आणि मी किती मन लावून काम करते म्हणून शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतात. त्यांना अजून कळलेलं नाही की खरा बिघाड दर रविवारी विरारहून येतो, चहा पितो, आणि सुकेळी घेऊन घरी जातो.